रेणूची ओळख करून देणारे कायदेपंडित : आमेदेओ ॲव्होगॅड्रो

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक प्रचंड संख्या मुलांच्या वाट्याला येते. ६०२२ हा आकडा लिहावा आणि त्यापुढे वीस शून्ये मांडावीत, एवढी ती मोठी आहे. तिला ॲव्होगॅड्रो अंक असे म्हणतात. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून मुले ती घोकतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि पुढील वर्गात जाताना बहुधा विसरूनही जातात. ज्यांचे नाव त्या संख्येला दिले आहे ते गृहस्थ कोण होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. विचारले तर दोन आश्चर्यकारक गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, ही संख्या ॲव्होगॅड्रो यांनी कधीच मोजली नाही. त्यांच्या हयातीत ती कोणालाही ठाऊक नव्हती. दुसरी गोष्ट आम्हा धर्मगुरूंना अधिक जवळची वाटेल. रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात स्थान मिळवलेल्या या माणसाची विद्यापीठाची सर्वोच्च पदवी रसायनशास्त्राची नव्हती, भौतिकशास्त्राचीही नव्हती. ती ख्रिस्तसभेच्या कायद्याची होती.

लोरेंझो रोमानो आमेदेओ कार्लो ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी उत्तर इटलीतील तुरिन शहरात झाला. ज्या शहरात प्रभूचे प्रेतवस्त्र म्हणून पूज्य मानले जाणारे वस्त्र जतन केलेले आहे, तेच हे तुरिन. त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. तुरिन ही पिएमोंत प्रांताची व सावॉय राजघराण्याची राजधानी होती. ॲव्होगॅड्रो घराणे सरदारांचे. पुढे आमेदेओ यांच्याकडेही क्वारेन्या आणि चेरेतो येथील काउंट हा किताब वडिलांकडून आला. घराण्याचे आडनावच मुळी व्यवसायावरून पडले, असे मानले जाते. व्हेर्चेल्ली येथील ख्रिस्तसभेची बाजू मांडणारे वकील, या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले. वडील फिलिप्पो हेही मोठे न्यायाधिकारी होते. तेव्हा मुलाने कोणता मार्ग धरावा याविषयी घरात फारशी चर्चा झाली असेल असे दिसत नाही. आमेदेओ यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १७९६ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, कॅनन लॉ अर्थात ख्रिस्तसभेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी कायद्याच्या क्षेत्रात व सरकारी कचेरीत कामही केले.

येथे किंचित विषयांतर करावेसे वाटते. सेमिनरीत ज्यांनी कॅनन लॉचा अभ्यास केला आहे त्यांना ठाऊक असेल की, त्या शास्त्राची सारी भिस्त शब्दांच्या नेमकेपणावर असते. एखादी कृती वैध असणे वेगळे आणि ती नियमांना धरून असणे वेगळे. एखादा संस्कार नियमाबाहेर जाऊन दिला गेला तरी तो वैध ठरू शकतो. हा भेद ज्याला उमगला नाही त्याला पुढचे काहीच नीट उमगत नाही. दोन गोष्टी एकाच शब्दाखाली दडपल्या गेल्या असतील तर त्या आधी सोडवून घ्याव्यात, ही शिस्त या तरुण कायदेपंडिताच्या अंगी बाणली होती. रसायनशास्त्रात त्यांनी जे केले ते नेमके हेच होते, असे आमचे मत आहे.

१८०० साली इटलीतच आलेस्सान्द्रो व्होल्टा यांनी विद्युतघट तयार केला आणि सारा युरोप विजेच्या प्रयोगांनी भारावून गेला. ॲव्होगॅड्रो यांनी याच सुमारास खासगीरीत्या गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास आरंभिला. त्यांचे बंधू फेलिचे यांच्यासमवेत त्यांनी विजेसंबंधी निबंध लिहून ते १८०३ साली तुरिनच्या विज्ञान अकादमीकडे पाठवले. पुढील वर्षी अकादमीने त्यांना पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले. १८०६ मध्ये त्यांनी वकिली कायमची सोडली व अध्यापनाकडे वळले. १८०९ साली ते व्हेर्चेल्लीच्या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पूर्वजांचे हे गाव आजही भातशेतीसाठी इटलीभर प्रसिद्ध आहे. पॅरिस, लंडन, स्टॉकहोम या विद्येच्या राजधान्यांपासून दूर, भातखाचरांच्या त्या मुलखात बसून त्यांनी आपला ऐतिहासिक निबंध लिहिला.

त्या निबंधाचे मोल कळायचे असेल तर त्या वेळचा पेच आधी समजून घेतला पाहिजे. आपल्या मुलांचा गोंधळही बहुधा याच ठिकाणी होतो, म्हणून येथे थोडे रेंगाळण्यास हरकत नाही.

इंग्लंडमधील शिक्षक जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला होता. प्रत्येक मूलद्रव्य अणूंचे बनलेले असते, अणू अविभाज्य असतो आणि वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू एकत्र येऊन संयुगे बनतात, हे त्याचे सार. परंतु किती अणू एकत्र येतात हे ठरवण्याचे साधन डाल्टन यांच्यापाशी नव्हते. मग त्यांनी सर्वांत सोपा पर्याय गृहीत धरला : हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाणी. आज शाळकरी मूलही सांगेल की पाणी म्हणजे एचटूओ, त्यात हायड्रोजनचे अणू दोन असतात. डाल्टन यांच्या लेखी मात्र ते एकास एक होते. पाया चुकला की इमारत चुकते. या एका गृहीतकामुळे ऑक्सिजनचे अणुवस्तुमान प्रत्यक्षाच्या निम्मे येऊ लागले.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ लुई गे-ल्युसॅक वायूंचे आकारमान मोजत होते. त्यांना असे आढळले की, वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांच्या आकारमानांचे प्रमाण नेहमी साध्या पूर्णांकांत असते. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांपासून दोन लिटर पाण्याची वाफ मिळते. एक लिटर नायट्रोजन आणि तीन लिटर हायड्रोजन यांपासून दोन लिटर अमोनिया मिळतो. हे प्रमाण इतके सुबक होते की, समान आकारमानाच्या वायूंत कणांची संख्याही समान असावी, असे कोणाच्याही मनात यावे.

परंतु असे मानले की लगेच अडचण उभी राहते. समजा, एका लिटरमध्ये शंभर कण आहेत. मग ऑक्सिजनचे शंभर कण आणि हायड्रोजनचे दोनशे कण मिळून पाण्याचे दोनशे कण तयार झाले पाहिजेत. पाण्याच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हवाच. कण दोनशे आणि ऑक्सिजन शंभर. म्हणजे ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले पाहिजेत. अणू तर अविभाज्य! डाल्टन यांनी यावरून निष्कर्ष काढला की गे-ल्युसॅक यांची मोजमापेच सदोष असणार. एकाचा सिद्धान्त, दुसऱ्याचे प्रयोग, आणि दोघांत मेळ नाही.

ॲव्होगॅड्रो यांनी एकालाही खोटे ठरवले नाही. ज्याचे तुकडे होतात तो कण अणू नव्हेच, एवढेच त्यांनी दाखवून दिले. वायुरूप ऑक्सिजनमध्ये सुटे अणू फिरत नसतात; दोन-दोन अणूंच्या जोड्या फिरत असतात. संयोग होताना जोडी फुटते, अणू फुटत नाही. हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचेही तसेच. आज आपण ज्याला रेणू म्हणतो आणि ज्याला अणू म्हणतो, त्या दोहोंतील भेद येथे प्रथमच स्पष्टपणे मांडला गेला. वरच्या हिशेबाकडे आता पुन्हा पाहावे. ऑक्सिजनच्या शंभर जोड्या म्हणजे दोनशे अणू, हायड्रोजनच्या दोनशे जोड्या म्हणजे चारशे अणू. आणि पाण्याचे दोनशे रेणू, प्रत्येकात ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन. एकही अणू उरत नाही, एकही तुटत नाही.

मूळ निबंधात त्यांनी अणू हा शब्द वापरलाच नाही. रेणू या एकाच फ्रेंच शब्दापुढे निरनिराळी विशेषणे लावून त्यांनी काम भागवले. निबंध वाचणाऱ्यांची त्यामुळे दमछाक झाली असेल, यात नवल नाही. पिएमोंत तेव्हा नेपोलियनच्या साम्राज्यात सामील केला गेला होता, म्हणून लेखन फ्रेंच भाषेत झाले आणि ते १८११ साली पॅरिसच्या एका भौतिकशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तापमान आणि दाब समान असताना समान आकारमानाच्या सर्व वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते, हा तो ॲव्होगॅड्रो यांचा नियम. त्यातून एक मोठेच साधन हाती आले. एक लिटर ऑक्सिजन एक लिटर हायड्रोजनच्या जितके पट जड, तितके पट ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूहून जड. अदृश्य कणांना तराजूत घालण्याची ही युक्ती होती. त्या वेळच्या घनतांवरून हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजनचा आकडा त्यांनी १५.०७४ असा काढला. आज आपण तो सुमारे १६ मानतो. डाल्टन यांचा आकडा त्या वेळी ७ होता.

एवढे मोठे कोडे सुटले तर विद्वानांनी डोक्यावर घ्यायला हवे होते. घडले ते उलटच. कोणी कडाडून विरोध केला असता तरी बरे झाले असते. पण बहुतेकांनी दखलच घेतली नाही. १८१४ साली फ्रान्सचे आंद्रे-मारी अँपिअर, ज्यांच्या नावाने आपण विद्युतप्रवाह मोजतो, त्यांनी स्वतंत्रपणे साधारण तोच विचार मांडला. त्यालाही फारसे अनुयायी मिळाले नाहीत.

त्या पिढीतील शास्त्रज्ञ हटवादी होते म्हणून त्यांना मोडीत काढणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्यांच्यापाशी सबळ कारणे होती. स्वीडनचे बर्झेलियस हे तेव्हा रसायनशास्त्रातील सर्वांत वजनदार नाव. त्यांच्या मते अणू एकमेकांना धरून राहतात ते धन आणि ऋण विद्युतप्रभारांच्या आकर्षणामुळे. मग ऑक्सिजनचा अणू ऑक्सिजनच्याच अणूला कसा धरून ठेवील? सारखे प्रभार तर परस्परांना दूर लोटतात. या आक्षेपाला त्या काळी उत्तरच नव्हते. दोन सारखे अणू इलेक्ट्रॉनची भागीदारी करून जोडले जातात, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पुढे फ्रान्समध्ये झां-बाप्तिस्त द्युमा यांनी १८२० च्या दशकात निरनिराळ्या पदार्थांच्या बाष्पांची घनता मोजली. पारा, गंधक आणि फॉस्फरस यांचे आकडे अपेक्षेशी जुळेनात. आज आपल्याला कारण ठाऊक आहे : पाऱ्याच्या बाष्पात सुटे अणू असतात, फॉस्फरसच्या रेणूत चार असतात, आणि गंधकाच्या रेणूत द्युमा यांच्या तापमानाला सहाच्या आसपास असतात. सर्व मूलद्रव्यांचे रेणू दोनच अणूंचे असले पाहिजेत, असे ॲव्होगॅड्रो यांनी म्हटलेही नव्हते. पण द्युमा यांचा धीर सुटला आणि नियमावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

स्वतः ॲव्होगॅड्रो यांचा स्वभावही प्रसिद्धीला पोषक नव्हता. ते फारसे प्रवासाला गेले नाहीत आणि त्यांनी स्वतःभोवती शिष्यसंप्रदाय उभा केला नाही. १८२० साली तुरिन विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राचे नवे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर त्यांची नेमणूक झाली. परंतु १८२१ च्या मार्च महिन्यात पिएमोंतमध्ये राजसत्तेविरुद्ध उठाव झाला, तो मोडला गेला, विद्यापीठावर सरकारची वक्रदृष्टी वळली आणि हे अध्यासनच रद्द झाले. १८३२ साली ते पुन्हा सुरू झाले तेव्हा ते दिले गेले फ्रान्समधून स्वेच्छेने देशत्याग केलेल्या ऑगस्तँ-लुई कोशी या थोर गणितज्ञाला. (आपल्या धर्मग्रामांतून काम करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेच्या सदस्यांना ठाऊक असावे म्हणून सांगतो : हेच कोशी पुढे पॅरिसमध्ये त्या संस्थेच्या सेवाकार्यात हिरिरीने सहभागी झाले.) कोशी लवकरच प्राग येथे निर्वासित राजपुत्राचे शिक्षक म्हणून निघून गेले आणि १८३४ साली अध्यासन ॲव्होगॅड्रो यांच्याकडे परत आले. १८५० साली निवृत्त होईपर्यंत ते त्यांनी सांभाळले.

घरी पत्नी फेलिचिता आणि सहा मुले असा संसार होता. विद्यापीठाबाहेर सांख्यिकी, हवामान, सार्वजनिक शिक्षण अशा विषयांवरील सरकारी समित्यांचे काम त्यांच्याकडे असे. १८३७ ते १८४१ या काळात त्यांनी पदार्थांच्या भौतिक गुणधर्मांवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या १८४१ साली त्याचा शेवटचा खंड निघाला, त्याच वर्षी त्याच शहरात एका तरुणाला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्याने रस्त्यावरची पोरे गोळा करण्यास आरंभ केला. तो तरुण म्हणजे डॉन बॉस्को. पिएमोंतमध्ये १८५० पासून जुनी मापे जाऊन दशमान पद्धती सक्तीची व्हायची होती. तिच्या तयारीच्या कामात ॲव्होगॅड्रो यांचा वाटा होता, तर कारागिरांना आणि खेडुतांना ती नवी मापे समजावीत म्हणून डॉन बॉस्को यांनी एक सोपी पुस्तिका लिहिली. एक विद्वान सरकारी समितीत, दुसरे मुलांच्या गराड्यात, पण काम किलो आणि मीटरचेच!

९ जुलै १८५६ रोजी, ऐंशीव्या वाढदिवसाला महिना उरला असताना, ॲव्होगॅड्रो तुरिनमध्ये निवर्तले. १८११ च्या निबंधाला तोवर ४५ वर्षे होऊन गेली होती. युरोपातील बहुतेक रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीने एक वयोवृद्ध प्रांतिक प्राध्यापक गेला, एवढेच.

दरम्यान रसायनशास्त्राची अवस्था बाबेलच्या बुरुजासारखी झाली होती. कोणी ऑक्सिजनचे वस्तुमान ८ धरी, कोणी १६. एकाच पदार्थाला प्रत्येक प्रयोगशाळेत निराळे सूत्र. जर्मन शास्त्रज्ञ केकुले यांनी १८६१ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक ॲसिडसाठी, म्हणजे व्हिनेगरमधील आम्लासाठी, वापरात असलेली तब्बल १९ सूत्रे दिली आहेत. हा गोंधळ मिटावा म्हणून ३ ते ५ सप्टेंबर १८६० या दिवसांत जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सुमारे १४० जण जमले. तेथे सिसिलीचे स्तानिस्लाओ कान्निझ्झारो उभे राहिले. सिसिलीतील १८४८ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्यांना परागंदा व्हावे लागले होते आणि पुढे जेनोआत ते शिकवत होते. विद्यार्थ्यांना अणुवस्तुमाने समजावून सांगताना त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याच देशबांधवाने १८११ साली मांडलेला नियम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत लावला तर सारे धागे सुटतात. त्यांनी १८५८ साली तशी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती.

परिषदेत भाषणे झाली, वाद झाले, निर्णय मात्र झाला नाही. निरोपाच्या वेळी कान्निझ्झारो यांचे स्नेही आंजेलो पावेझी यांनी त्या पुस्तिकेच्या प्रती उपस्थितांना वाटल्या. जर्मनीचे लोथार मायर यांनी ती खिशात घातली आणि परतीच्या वाटेवर वाचली. पुढे तो अनुभव सांगताना त्यांनी जी प्रतिमा वापरली ती आपल्या वाचकांना परिचित आहे. प्रेषितांच्या कृत्यांत दमास्कस येथे शौलाच्या डोळ्यांवरून खपल्या गळून पडल्या, तीच ती. रशियाचे मेंडेलीव्ह हेही त्या परिषदेला हजर होते. विश्वसनीय अणुवस्तुमाने हाती आली नसती तर मूलद्रव्ये चढत्या क्रमाने मांडणे शक्यच झाले नसते. मेंडेलीव्ह यांची १८६९ ची आवर्तसारणी आणि मायर यांची मांडणी, दोन्ही या पायावर उभ्या राहिल्या. ॲव्होगॅड्रो यांना जाऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती.

आता त्या प्रचंड संख्येविषयी. रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगॅड्रो यांनी सांगितले. ती किती, हे सांगण्याचे साधन त्यांच्या काळी नव्हते. तिचा पहिला अंदाज बांधता आला तो व्हिएन्नाचे योसेफ लोशमिट यांच्या १८६५ सालच्या संशोधनावरून. त्यांनी हवेतील रेणूंचे आकारमान अनुमानाने काढले होते. बोहेमियातील एका गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा गावच्या धर्मगुरूंच्या प्रोत्साहनामुळे शाळेत जाऊ शकला होता. पुढे फ्रान्सचे झां पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड थरथरीचा अभ्यास करून ती संख्या निश्चित केली आणि १९०९ साली तिला ॲव्होगॅड्रो यांचे नाव सुचवले. पेरँ यांना १९२६ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. २० मे २०१९ पासून ही संख्या कायमची ठरवून टाकण्यात आली आहे : ६०२२१४०७६ आणि त्यापुढे १५ शून्ये. इतके कण म्हणजे एक मोल.

मुलांना हे समजावताना आम्ही सुचवू की, संख्येपासून आरंभ करूच नये. बारा नगांचा डझन, तसा एवढ्या कणांचा मोल, हे आधी सांगावे. मग कण कोणते, अणू की रेणू, हे विचारण्याची सवय लावावी. कारण एक मोल ऑक्सिजन एवढेच म्हटले तर प्रश्न अपुरा राहतो. अणूंचा मोल असेल तर वजन १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२ ग्रॅम. गणिते चुकतात ती बहुधा इथे. त्यानंतर स्वयंपाकघरातील चमच्याने १८ ग्रॅम पाणी मोजून त्यांच्या हाती द्यावे. लहान चमचे जेमतेम साडेतीन भरतील. ते एक मोल पाणी. त्यातील रेणू दर सेकंदाला एक या गतीने मोजायला बसले तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दहा लाख पटींहून अधिक काळ लागेल. आणि हेच पाणी मूळ दोन वायूंपासून बनवायचे झाले, तर ० अंश सेल्सिअस तापमानाला व एक वातावरण दाबाला हायड्रोजन २२.४ लिटर लागेल, आणि ऑक्सिजन त्याच्या बरोबर निम्मा, ११.२ लिटर.